भंगारातलं बॉम्बर विमान पुन्हा उडतं म्हणजे नक्की काय होतं?

मागच्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर कन्सासला राहणाऱ्या मावसभावाने एक व्हिडिओ टाकला. चार पंख्यांचं, आरशासारखं चकचकीत, अवाढव्य विमान रनवेवरून उठतंय आणि कुंपणाला टेकून उभी असलेली पिकल्या केसांची माणसं डोळे पुसतायत. खाली त्याने लिहिलेलं, "हे डॉक. फुकट काम करणाऱ्या लोकांनी सोळा वर्षं खपून उडवलंय." त्यावर काकांचा रिप्लाय, "सोळा वर्षं? आमच्या गावच्या फिटरने सहा महिन्यांत केलं असतं." दहा-बारा अंगठे पडले, विषय संपला.

माझा काही संपला नाही. मी बाबांची जुनी प्रिया स्कूटर चालू करायच्या नादात अडीच वर्षं घालवलीत, त्यामुळे काकांना काय म्हणायचंय तेही कळतं आणि ते कुठे चुकतायत तेही. म्हणून जरा बैजवार लिहितो.

आधी डॉक कोण ते

बी-२९ सुपरफोर्ट्रेस हे अमेरिकेचं दुसऱ्या महायुद्धातलं सगळ्यात मोठं बॉम्बर. पंखांचा पसारा ४३ मीटर. जवळपास ४,००० बनली, त्यातली १,६४४ एकट्या कन्सासमधल्या विचिटा गावात बोइंगच्या कारखान्यात. डॉक तिथलंच, मार्च १९४५ मध्ये हवाई दलाकडे गेलं आणि ऑगस्टमध्ये युद्धच संपलं, म्हणजे याने लढाई पाहिलीच नाही. नंतर रडारची कामं केली. त्या तुकडीतल्या विमानांना स्नो व्हाइटच्या सात बुटक्यांची नावं दिली होती, त्यातला हा डॉक.

१९५६ मध्ये त्याला कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात, चायना लेकच्या नौदलाच्या रेंजवर नेऊन ठेवलं. कशाला? निशाणा म्हणून. बॉम्ब टाकायला बनवलेलं विमान आणि त्याच्यावरच बाकीच्यांनी बॉम्ब टाकायची प्रॅक्टिस करायची. नशिबाने थेट कुणाचा नेम लागला नाही. ४२ वर्षं ते तिथे ऊन खात पडून होतं.

१९८७ मध्ये टोनी माझोलिनी नावाच्या गृहस्थांना ते सापडलं, पण ताब्यात मिळेपर्यंत आणखी बारा वर्षं गेली कारण सरकार म्हणालं विकत मिळणार नाही, आमच्या म्युझियमसाठी एक बी-२५ शोधून, नीट करून द्या, मग बघू. मग ते दुसरं विमान शोधण्यात वर्षं गेली. शेवटी २००० साली डॉकचे तुकडे ट्रेलरवर चढून विचिटाला माहेरी आले. १७ जुलै २०१६ ला ते उडालं, पहिल्या वेळी जेमतेम काही मिनिटं. आज जगात उडणारी बी-२९ दोनच आहेत, हे आणि टेक्सासवाल्यांचं फिफी.

"चालू" म्हणजे कुठवर चालू?

सगळा गोंधळ या एका शब्दाचा आहे. माझी प्रिया बघा. पहिलं वर्षभर ती नुसती पुसूनपासून, रंग मारून पोर्चमध्ये उभी होती, येणारेजाणारे "वा वा" करायचे. मग कार्ब्युरेटर साफ केला, पॉइंट बदलला, किक मारल्यावर फटफटली आणि सोसायटीच्या आवारात दोन चकरा मारून आली. आता मला कुणी म्हणालं की तिच्यावर बायको-पोरांना बसवून कात्रजचा घाट चढ, तर मी नाही म्हणणार. का? कारण तिचे ब्रेक, तिची केबल, तिचा चेसिस आतून काय अवस्थेत आहे ते मला माहीतच नाहीये.

विमानांचंही तसंच. एक म्हणजे शोकेसमधलं, नुसतं बघायचं. दुसरं आवारात फिरणारं. इंग्लंडमध्ये ईस्ट कर्कबीला 'जस्ट जेन' नावाचं लँकेस्टर बॉम्बर आहे, पँटन नावाच्या दोन शेतकरी भावांनी घेतलेलं, त्यांचा थोरला भाऊ १९४४ मध्ये न्यूरेंबर्गवरच्या हल्ल्यात गेला त्याच्या आठवणीसाठी. ते उन्हाळ्यात जमिनीवर धावतं, लोक तिकीट काढून आत बसतात, त्या पैशातून हिवाळ्यात ते खोलून उडण्याच्या दृष्टीने एकेक भाग नीट करतात. आणि तिसरं खरंच उडणारं. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जायला पहिल्यावरून दुसऱ्यावर जाण्याच्या कितीतरी पट मेहनत लागते, कारण घाटात स्कूटर बंद पडली तर कडेला लावता येते.

या तिसऱ्या पायरीला एअरवर्दीनेस म्हणतात, म्हणजे हे विमान उडायला लायक आहे असं कुणीतरी जबाबदार माणसाने तपासून सहीनिशी सांगणं. "सहीनिशी" हा शब्द लक्षात ठेवा.

पत्रा पण म्हातारा होतो

विमानाचं अंग बहुतांशी अॅल्युमिनियमचं. लोक म्हणतात अॅल्युमिनियमला गंज लागत नाही. लाल गंज लागत नाही, एवढंच. ओल शिरली की पत्रा आतल्या आत थराथराने सुटतो, अगदी खारी बिस्किटासारखा. वरून रंग शाबूत, बोटाने दाबलं की पापुद्रे. आणि हे होतं कुठे तर दोन पत्रे एकमेकांवर बसवलेत त्या फटीत, जिथे डोळा पोचत नाही. म्हणून तर वाळवंट हे डॉकचं नशीब. तेच विमान कोकणात चार पावसाळे उघड्यावर राहिलं असतं तर विचिटाला ट्रेलरची गरजच पडली नसती, पोत्यात भरून नेलं असतं.

दुसरी भानगड थकव्याची. तार घ्या, एकदा वाकवा, काही होत नाही, वीस वेळा इकडून तिकडे वाकवा, तुटते. पंख हवेत सतत वरखाली होत असतात. पंखाच्या आत वाड्याच्या तुळईसारखा एक मुख्य दांडा असतो, त्याला स्पार म्हणतात, सगळं वजन त्याच्यावर. त्याच्यात केसाएवढी चीर असली तरी विमान जमिनीवरच ठेवायचं. २०२३ मध्ये अमेरिकेत एका बी-१७ च्या पंखाच्या जोडात दोष सापडला, तर तिथल्या विमान वाहतूक खात्याने सगळ्याच बी-१७ ची तपासणी सक्तीची करून टाकली.

म्हणजे काम सुरू होतं ते जोडण्यापासून नाही, तोडण्यापासून. सगळं सुटं करायचं, प्रत्येक भागाला चिठ्ठी लावायची, तपासायचं, आणि मग ठरवायचं की हा चालेल, हा दुरुस्त होईल, हा नवीन करावा लागेल.

एक रिव्हेट मारायला किती लोक लागतात?

दोन. हे मला फार आवडतं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रिव्हेट म्हणजे एका बाजूला डोकं असलेली धातूची छोटी काडी. दोन पत्र्यांच्या भोकातून घालायची, डोक्याकडून एक जण हवेच्या गनने टर्रर्र ठोकतो आणि पलीकडून दुसरा लोखंडी ठोकळा दाबून धरतो, की काडीचं मागचं टोक चेपून त्याचं बटण होतं आणि पत्रे कायमचे आवळले जातात. दुसरा माणूस बहुतेक वेळा विमानाच्या पोटात आडवा पडलेला असतो, त्याला पहिला दिसत नाही, मग ठकठक करून इशारे चालतात. बटण काडीच्या दीडपट रुंद आणि निम्म्या जाडीचं हवं. जास्त चेपलं तर फाटतं, कमी चेपलं तर सुटतं, तिरकं बसलं तर ड्रिल करून काढा आणि पुन्हा मारा.

त्यातही काही जातीचे रिव्हेट असे की भट्टीत तापवून गार केले की काही वेळ मऊ असतात आणि नंतर आपोआप कडक होत जातात. म्हणून ते फ्रीझरमध्ये ठेवतात, कुल्फीसारखे. बाहेर काढले की काही मिनिटांत मारायचे, मध्ये चहाला गेलात तर तो घाणा वाया. असे हजारोंनी.

डॉकवर काम करणाऱ्यांत एक आजी होत्या. तरुण पोर असताना युद्धाच्या काळात त्याच गावात, त्याच कारखान्यात बी-२९ च्या नाकावर रिव्हेट मारायच्या. पंचाहत्तरीच्या आसपास पुन्हा तिथेच फुकट कामाला आल्या आणि बघतात तर त्या वेळचे बरेचसे रिव्हेट ठणठणीत. हे वाचलं तेव्हा मला काकांना फोन लावावासा वाटला होता. लावला नाही.

इंजिन: रुसणाऱ्या जावयासारखं

बी-२९ ला चार इंजिनं, प्रत्येकात १८ सिलिंडर गोलाकार मांडलेले, सुमारे ५५ लिटरचं एकेक इंजिन, २,२०० हॉर्सपॉवर. राइट आर-३३५० हे त्याचं नाव आणि युद्धात ते बदनाम होतं कारण तापून पेट घ्यायचं, आणि त्याचे काही भाग मॅग्नेशियमचे, जे एकदा पेटलं की विझवणं मुश्किल. म्हणून डॉक आणि फिफी दोघांनाही मूळ इंजिनं न लावता त्याच घराण्यातल्या नंतरच्या दोन सुधारलेल्या प्रकारांचे भाग एकत्र करून बनवलेली इंजिनं बसवली. पाव्हणं घराण्यातलंच, पण जरा शांत स्वभावाचं.

तरी लाड संपत नाहीत. विमान उभं असताना ऑइल झिरपून खालच्या सिलिंडरमध्ये साठतं. तसंच स्टार्टर मारला तर पिस्टन वर यायला बघतो, पण ऑइल हवेसारखं दाबलं जात नाही, मग आतला दांडाच वाकतो आणि लाखोंचं इंजिन गेलं. म्हणून सुरू करण्याआधी दोन-तीन माणसं येऊन प्रोपेलरचं एकेक पातं हाताने ढकलत इंजिन फिरवतात, अडतंय का बघत. अडलं तर जोर करायचा नाही, खालचे प्लग काढून ऑइल सांडू द्यायचं. एअर शोला हा प्रकार दिसला की लोकांना वाटतं बॅटरी डाउन असावी.

फुकट काम करणारे म्हणजे शिकाऊ का?

हा काकांचा दुसरा मुद्दा होता, "हौशी लोकांनी जोडलेल्या विमानात कोण बसेल?"

विचिटा हे विमानांचंच गाव, जसं इचलकरंजी कापडाचं. बोइंगमधून रिटायर झालेले फिटर, इलेक्ट्रिशियन, इंजिनिअर तिथे गल्लोगल्ली. ज्यांनी आयुष्यभर पगार घेऊन केलं तेच आता डबा घेऊन हँगरवर यायचे. त्यांच्या हाताखाली नवखेही होते, धुणं, घासणं, चिठ्ठ्या लावणं तिथून सुरुवात करायची. पण कुणीही काम केलं तरी लायसन्सवाला मेकॅनिक ते तपासतो आणि सही करतो. वाकडं झालं तर त्याची मान अडकते. स्वयंपाकाला दहा हात लागले तरी मीठ बघणारी एकच असते, तसं.

तासांचा हिशोब बघा. डॉकवर साडेचार लाखांवर तास काम झालं. एका माणसाने रोज आठ तास, वर्षाला २५० दिवस धरले तर सव्वादोनशे वर्षं होतात. म्हणजे एकटा माणूस सवाई माधवरावांच्या काळात कामाला लागला असता तर २०१६ ला विमान उडवलं असतं. एवढ्या तासांची मजुरी द्यायची म्हटलं असती तर हे काम सुरूच झालं नसतं. पैसे तरीही लागतातच, इंजिन, टायर, इन्शुरन्स यातलं काही फुकट मिळत नाही, ते देणग्या आणि नंतर सफरीच्या तिकिटांतून येतात.

विमान ठीक आहे, पण कागद?

मला विचाराल तर सगळ्यात अवघड भाग हा. इंग्लंडचं व्हल्कन एक्सएच५५८ घ्या, शीतयुद्धातलं त्रिकोणी जेट बॉम्बर. देणग्या आणि लॉटरी फंडाच्या पैशावर दुरुस्त होऊन ऑक्टोबर २००७ मध्ये उडालं, लाखो लोकांनी बघितलं. २०१२ मध्ये कुणाच्या तरी नजरचुकीने इंजिनाच्या तोंडात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या राहून गेल्या, आपल्या बुटांच्या खोक्यात पुडी असते ना, त्याचीच मोठी बहीण, आणि एका झटक्यात दोन इंजिनं खलास. त्यातूनही ते सावरलं. पण २०१५ मध्ये कायमचं खाली बसलं, आणि ते काही बिघाड झाला म्हणून नाही.

इतक्या गुंतागुंतीच्या विमानाला तिथल्या नियमाप्रमाणे मूळ बनवणाऱ्या किंवा तेवढ्याच जाणकार कंपन्यांनी "आम्ही तांत्रिक जबाबदारी घेतो" म्हणावं लागतं. त्यांनी हात जोडले. त्यांचं म्हणणं असं की हे विमान आता इतर कुठल्याही व्हल्कनपेक्षा जास्त तास उडलंय, पुढे काय मोडेल ते सांगायला मागचा अनुभवच नाही, आणि ज्यांना हे विमान कळतं ती माणसं रिटायर झालीत. २८ ऑक्टोबर २०१५ ला शेवटचं उड्डाण झालं. धातू शिल्लक होता, सही करणारा हात उरला नाही.

सगळं नवीन घातलं तर ते जुनं कसं?

रास्त प्रश्न. काही विमानं अशी आहेत की मूळचं म्हणावं असं त्यात नंबरची पट्टी आणि चार कंस, बाकी सगळं नवं कोरं.

आपल्याकडे याचं उत्तर कपाटात असतं. आजीची पैठणी विरली की आई तिचे काठ आणि पदर सोडवून नव्या कापडाला लावते. ती आजीचीच पैठणी असते की नाही? माझ्या मते काठ-पदर असेपर्यंत असते, आणि नुसता जरीचा एक तुकडा शिवून "आजीची" म्हणणं म्हणजे जरा जास्तच होतं. विमानात काठ-पदर म्हणजे मुख्य सांगाडा. डॉकचा बराचसा सांगाडा डॉकचाच आहे म्हणून मी त्याला पैठणीच्या बाजूला धरतो. तुम्ही वाद घालू शकता, या क्षेत्रातली माणसं त्यावर हिरीरीने भांडतात.

पडतात ना ही विमानं?

पडतात, लपवून उपयोग नाही. २०१९ मध्ये कनेक्टिकटला पैसे देऊन बसलेल्या प्रवाशांसकट एक बी-१७ कोसळलं, सात माणसं गेली. तपासात देखभालीतल्या त्रुटी निघाल्या, त्यात मॅग्नेटो होता, म्हणजे लुनासारख्या गाडीला बॅटरी नसताना ठिणगी देतो तोच भाग. २०२२ मध्ये डॅलसच्या एअर शोत दोन जुनी विमानं हवेत एकमेकांवर आदळली, सहा जण गेले. तिथे विमानांचं वय हा प्रश्नच नव्हता.

आणि कधीकधी घाई नडते. १९४७ पासून ग्रीनलंडच्या बर्फावर पडलेलं 'की बर्ड' नावाचं बी-२९ एका टीमने तिथेच, उघड्यावर, नवी इंजिनं लावून चालू केलं. मे १९९५ मध्ये ते स्वतःच्या ताकदीवर बर्फावर धावायला लागलं आणि मागच्या भागात वीज पुरवणाऱ्या छोट्या इंजिनाची पेट्रोलची टाकी गळून आग लागली. माणसं वाचली, विमान तिथेच जळून गेलं. चारही मोठी इंजिनं व्यवस्थित होती. विचिटावाल्यांच्या सोळा वर्षांना हसण्याआधी हे डोळ्यांसमोर आणा.

बॉम्बरचं कसलं कौतुक?

आमच्या भाचीने हे विचारलं, आणि काकांपेक्षा तिचा प्रश्न जास्त टोचला. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकला तो बी-२९ नेच. त्याआधी मार्च १९४५ मध्ये एका रात्रीत टोकियोत अंदाजे लाखभर माणसं जाळली तीही बी-२९ नी. डॉकने स्वतः कुणाला मारलं नाही हे खरं, पण म्हणून प्रश्न सुटत नाही. मी तिला एवढंच म्हणालो की ते विमान बघताना हेही सांगितलं गेलं पाहिजे. ती म्हणाली, आणि नाही सांगितलं तर? माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं.

जाता जाता, ही विमानं लढाईत पहिल्यांदा उतरली ती भारतातून, ५ जून १९४४, बंगालमधल्या खरगपूरच्या आसपासच्या धावपट्ट्यांवरून बँकॉकवर. त्यांचं मुख्यालय हिजलीच्या तुरुंगाच्या इमारतीत होतं. पुढे आयआयटी खरगपूर सुरू झाली ती त्याच इमारतीत.

मग काका पूर्ण चुकले का?

नाही, आणि गंमत तीच आहे. युद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाने कानपूरला शंभरेक बी-२४ लिबरेटर बॉम्बर टाकून दिली. ती अमेरिकेची उधारीवरची विमानं, अटीप्रमाणे परत द्यायची नाहीतर निकामी करायची, म्हणून जाताना त्यांची मोडतोड केलेली. १९४८ मध्ये आपल्या हवाई दलाला बॉम्बर हवी होती, पैसे नव्हते. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या भंगारातून विमानं निवडली, कानपूरला जुजबी दुरुस्ती केली आणि टेस्ट पायलट जमशेद कैकोबाद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळुरूला उडवत नेली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पाच नंबर स्क्वॉड्रन उभी राहिली. एकूण ४२ विमानं त्या ढिगातून जिवंत झाली. फुकटात नाही, पगारी कामगारांनी केलं, पण काही महिन्यांत केलं.

विचिटाला सोळा वर्षं आणि इथे काही महिने, असं कसं? कारण ती विमानं तीन-चार वर्षांची होती, शेजारी पन्नास विमानं सुट्या भागांसाठी उभी होती, आणि त्या कामगारांनी युद्धात अमेरिकन विमानांचीच ओव्हरहॉलिंग केलेली असल्यामुळे हाताला सवय ताजी होती. डॉकच्या वेळी यातलं तिसरं तर जवळजवळ संपतच आलं होतं.

ही लिबरेटर १९६८ च्या डिसेंबरपर्यंत चालली. जगभरातल्या म्युझियममध्ये जी मोजकी उरलीत त्यातली बरीचशी आपल्याकडून गेलेली आहेत, एक तर अमेरिकेत नेऊन पुन्हा दुरुस्त केलं आणि १९८९ पासून कित्येक वर्षं एअर शोत उडत होतं. आपण मात्र मुंबईत म्युझियम म्हणून उभी असलेली विक्रांत २०१४ मध्ये भंगारात काढली आणि तिच्या लोखंडातून मोटरसायकलची टाकी बनवली. तरी अगदीच अंधार नाही, २०१८ पासून हवाई दलाकडे 'परशुराम' नावाचं एक डाकोटा, म्हणजे जुनं मालवाहू विमान, उडतंय, तेही इंग्लंडात दुरुस्त करून आणलेलं.

हे सगळं मी ग्रुपवर तुकड्या-तुकड्यांनी टाकलं. लिबरेटरची सहा नंबर स्क्वॉड्रन पुण्यातच, लोहगावला होती, समुद्रावर टेहळणीला जायची, हेही लिहिलं. बराच वेळ निळ्या टिका येत राहिल्या, कुणी बोलेना. रात्री अकरा वाजता काकांचा मेसेज आला. ते लहानपणी विश्रांतवाडीला राहायचे.

"चार पंख्यांची ना? आमच्या कौलांवरूनच जायची. आई फळीवरची पितळी खाली काढून ठेवायची, पडतील म्हणून."